सहकारी बँकेतली ठेव आणि पाच लाखांचा विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शाखांबाहेर रांगा लागल्या. रांगेतल्या लोकांचे प्रश्न सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेबाहेर ऐकू आले तेच होते: पैसे कधी मिळतील, किती मिळतील, एफडीचं काय, सोसायटीच्या पैशांचं काय. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका गल्लोगल्ली आहेत. त्यांनी छोट्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, पहिलं घर घेणाऱ्याला कर्ज दिलं, तेही मोठ्या बँका दारात उभं करत नव्हत्या त्या काळात. म्हणून या बँकांशी आपलं नातं विश्वासाचं आहे. तो विश्वास टिकायचा असेल, तर ठेवीदाराला नियम माहीत असले पाहिजेत, आणि तेही बँकेचं शटर खाली येण्याआधी.

माझी बँक बुडाली तर मला नक्की किती मिळणार?

एका बँकेत एका ठेवीदाराला जास्तीत जास्त ५ लाख रुपये. हा विमा ठेव विमा आणि पत हमी महामंडळ देतं. हे महामंडळ पूर्णपणे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं आहे आणि बोलताना लोक त्याला डीआयसीजीसी म्हणतात. बचत, चालू, मुदत आणि आवर्त अशा सगळ्या ठेवी यात येतात. विम्याचा हप्ता बँक भरते आणि तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागत नाही.

विमा असलेल्या बँकेला महामंडळाचं चिन्ह आणि क्यूआर कोड ठळकपणे लावावे लागतात. शाखेत ते दिसले नाहीत तर काउंटरवर विचारा. महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादीही आहे.

या पाच लाखांत व्याज धरलेलं असतं का?

हो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख. कोणी ५ लाखांची एफडी ८ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी ठेवली आणि व्याज तिमाही चक्रवाढीने साठत गेलं, तर मुदतीअखेर सुमारे ७ लाख ४३ हजार होतात. त्यातले २ लाख ४३ हजार विम्याबाहेर.

व्याज साठवणारी ठेव असेल तर मुदतीअखेरची रक्कम ५ लाखांच्या आत राहील अशा हिशेबाने मुद्दल ठरवा. याच दराने २ वर्षांसाठी सव्वाचार लाख ठेवले तर ४ लाख ९८ हजारांच्या आसपास होतात, ५ वर्षांसाठी मात्र ३ लाख ३५ हजारांवर थांबावं लागतं. त्याच बँकेतल्या बचत खात्यातली शिल्लकही या बेरजेत धरा. दरमहा किंवा दर तिमाहीला व्याज दुसऱ्या बँकेत वळवलं तर ही अडचण बरीच कमी होते.

एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तर?

उपयोग नाही. दादरची शाखा आणि डोंबिवलीची शाखा ही एकच बँक, सगळ्या शाखांतली तुमची रक्कम एकत्र मोजतात. दोन वेगळ्या बँकांत ठेवले तर मात्र प्रत्येक बँकेत ५ लाखांचा वेगळा विमा.

नवरा-बायकोच्या संयुक्त खात्याचं काय?

कायदा बघतो ते पैसे कोणत्या नात्याने आणि कोणत्या हक्काने ठेवले आहेत ते. तुमचं एकट्याचं खातं हा एक हक्क, पत्नीचं एकटीचं दुसरा, दोघांचं संयुक्त खातं तिसरा. या तिन्हींना ५-५ लाखांचा वेगळा विमा मिळतो. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला, म्हणजे एका पावतीवर पहिलं नाव नवऱ्याचं आणि दुसरीवर बायकोचं असेल, तर तीही वेगवेगळी धरली जातात. अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या नावाने पालक म्हणून ठेवलेले पैसे वेगळे, भागीदारी फर्मचं खातंही वेगळं.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. स्वतःच्या एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं चालू खातं तुमच्या वैयक्तिक खात्यातच मिळवलं जातं. दुकानाचं नाव वेगळं असलं तरी मालक तुम्हीच आहात. आणि नॉमिनी लावल्याने विमा वाढत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, म्हणजे विमा चारपट होईल असं काही जणांना वाटतं. तसं काही होत नाही.

निर्बंध आले म्हणजे बँक बुडाली का?

लगेच नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली रिझर्व्ह बँक निर्देश देते: नवी कर्जं नाहीत, नव्या ठेवी नाहीत, पैसे काढायला मर्यादा. परवाना तेव्हा शाबूत असतो. पुढे तीन रस्ते असतात. बँक सावरते, दुसऱ्या बँकेत विलीन होते, किंवा परवाना रद्द होऊन अवसायक (बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी) नेमला जातो.

किती काळ लागेल हे मात्र ठरलेलं नसतं. न्यू इंडियामध्ये रोख रकमेतले १२२ कोटी रुपये गायब असल्याचं बाहेर आलं. सुरुवातीला खातेदारांना एक रुपयाही काढता येत नव्हता, २७ फेब्रुवारीपासून २५ हजारांपर्यंत मुभा मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत प्रश्न सुटला. पुण्याच्या रुपी बँकेच्या खातेदारांना ते भाग्य लाभलं नाही. १९१२ साली स्थापन झालेल्या त्या बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, विलीनीकरणाच्या चर्चा वर्षानुवर्षं चालल्या आणि अखेर २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. नऊ वर्षं. पुण्यातल्या किती पेन्शनरांची उतारवयाची वर्षं त्या प्रतीक्षेत गेली, हे शहराला माहीत आहे.

विम्याचे पैसे मिळायला तेवढीच वर्षं थांबावं लागतं का?

आता नाही. पूर्वी विमा मिळायचा तो परवाना रद्द झाल्यावर किंवा विलीनीकरणाच्या वेळी, त्यामुळे निर्बंधांच्या काळात ठेवीदार अधांतरी राहायचा. २०२१ साली ठेव विम्याच्या कायद्यात कलम १८अ आलं आणि १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालं. पैसे काढायला मर्यादा घालणारे निर्देश आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळाली पाहिजे. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी महामंडळाला देते, पुढचे ३० दिवस पडताळणी, शेवटच्या १५ दिवसांत पैसे. बँक वाचवण्याचा प्रस्ताव विचाराधीन असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत लांबवू शकते. रुपीच्या ठेवीदारांनाही परवाना रद्द होण्याआधी सुमारे ७०० कोटी रुपये या कलमामुळेच मिळाले.

यासाठी तुम्हाला संमतीचा अर्ज, ओळखीची कागदपत्रं आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. हा अर्ज आपल्याच बँकेच्या शाखेत द्यायचा, महामंडळ ठेवीदाराशी थेट व्यवहार करत नाही. नाव, पत्ता, पॅन, मोबाइल क्रमांक जुळत नसतील तर यादीतून नाव मागे पडतं. म्हणून केवायसी आजच नीट करून घ्या.

ज्या दिवशी निर्बंधांची बातमी येते त्या दिवशी काय करायचं?

रांगेत उभं राहण्याआधी घरी बसून एक यादी करा: या खात्यातून काय काय कापलं जातं? विजेचं बिल, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, दुसऱ्या बँकेच्या कर्जाचा हप्ता. हे सगळं आता परत जाणार. ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांना कळवा आणि दुसऱ्या खात्याचा मॅन्डेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) द्या. पगार किंवा पेन्शन या खात्यात येत असेल तर त्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळवा, कारण पुढचा पगारही तिथेच जमा झाला तर तोही अडकतो. दिलेले चेक वटणार नाहीत. लॉकरमधली वस्तू ही ठेव नाही, ती तुमचीच आहे.

रिझर्व्ह बँकेचं मूळ प्रसिद्धिपत्रक वाचा. ते संकेतस्थळावर मराठीतही असतं. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशांपेक्षा त्या एका पानात जास्त नेमकी माहिती मिळते.

पाच लाखांच्या वरच्या पैशांचं काय होतं?

याचं उत्तर प्रत्येक बँकेत वेगळं असतं. पण पीएमसीचं काय झालं ते प्रत्येक ठेवीदाराने समजून घ्यावं.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले. आदल्या मार्चअखेर बँकेत ११,६०० कोटींहून अधिक ठेवी होत्या. कर्जांपैकी साधारण तीन चतुर्थांश एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे, गेली होती आणि ती लपवण्यासाठी हजारो खोटी कर्जखाती दाखवली होती. कागदावर बँक नफ्यात होती. पहिल्या दिवशी खातेदाराला सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढता येत होते, ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत जून २०२० मध्ये १ लाखापर्यंत गेली.

२५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतच्या रकमेची सोय विम्यातून झाली. त्यावरची रक्कम वैयक्तिक ठेवीदारांना हप्त्याहप्त्याने: पहिल्या वर्षाअखेर ५० हजारांपर्यंत, दुसऱ्या वर्षाअखेर आणखी ५० हजार, तिसऱ्याला १ लाख, चौथ्याला अडीच लाख, पाचव्याला साडेपाच लाख, आणि तरीही उरलं तर ते दहा वर्षांनी. ३१ मार्च २०२१ नंतर पाच वर्षं व्याज नाही, पुढे २.७५ टक्के. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्के वर्षाला १ टक्का लाभांशाच्या प्राधान्य भागांमध्ये (प्रेफरन्स शेअर्समध्ये) बदलली गेली.

निवृत्तीच्या वेळी मिळालेले ४० लाख तिथे एकरकमी ठेवलेल्या माणसाचा विचार करा. पैसे बुडाले असं कागदोपत्री म्हणता येत नाही. पण वयाच्या साठीत अडकलेले पैसे सत्तरीत जवळपास बिनव्याजी परत आले, तर मधल्या दहा वर्षांच्या महागाईने त्यांची किंमत कितीतरी खाल्लेली असते आणि मधल्या काळातलं आजारपण थांबत नाही. या माणसाचं जे झालं त्याला माझ्या मते नुकसानच म्हणायला हवं, आणि त्याची भरपाई कोणत्याही योजनेत नव्हती.

विलीन करून घेणारी बँक सशक्त असेल तर चित्र बदलतं. न्यू इंडियाच्या ठेवीदारांसाठी सारस्वत बँक पुढे आली. पण असा मोठा भाऊ मिळेलच, यावर आपलं निवृत्तीचं नियोजन उभं करू नये.

परवाना रद्द झाला तर अवसायक कर्जांची वसुली करतो आणि त्यातून उरलेल्या रकमेचं वाटप होतं. महामंडळाने दिलेल्या पैशांची परतफेडही याच वसुलीतून होते. यात वर्षं जातात.

माझं कर्जही त्याच बँकेत आहे. हप्ते थांबवू का?

थांबवू नका. कर्ज फेडण्याची जबाबदारी तशीच राहते, थकबाकी झाली तर दंडव्याज लागतं आणि सिबिलवर नोंद जाते. विम्याची रक्कम ठरवतानाही बँकेचं तुमच्याकडचं येणं ठेवीतून वळतं केलं जातं आणि उरलेल्या रकमेवर विमा मिळतो.

कर्ज घेताना कापून घेतलेले भाग, म्हणजे शेअर्स, ही ठेव नव्हे. त्यांना विमा नाही.

आमची ठेव पतसंस्थेत आहे. तिला हा विमा आहे का?

नाही. हे उत्तर ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो, पण ते स्पष्ट सांगितलंच पाहिजे. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि तिच्यावर राज्याच्या सहकार खात्याचं नियंत्रण असतं. एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी मल्टिस्टेट सोसायटी २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येते. दोन्हींना रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो, म्हणून ठेव विमाही नसतो. गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीलाही तो नाही. जिल्हा मध्यवर्ती आणि राज्य सहकारी बँकेतल्या ठेवींना मात्र आहे.

गावाकडे चकचकीत काउंटर, एकसारखा गणवेश आणि दारात पिग्मी गोळा करायला येणारा ओळखीचा एजंट पाहून ती बँकच वाटते. परवाना नसलेल्या सहकारी संस्थेला नावात ‘बँक’ हा शब्द वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी काही संस्था तो वापरतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता.

चांगल्या चाललेल्या पतसंस्थाही भरपूर आहेत. तिथे ठेव ठेवायचीच असेल तर बुडाली तरी घर चालेल एवढीच ठेवा. पैसे अडकलेच, तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली मालमत्ता जप्त करून लिलाव करता येतो. आधार आहे, पण रस्ता लांबचा आहे.

आमच्या हाउसिंग सोसायटीचा सिंकिंग फंड सहकारी बँकेत आहे. शंभर सभासद म्हणजे शंभर पट विमा?

नाही. सोसायटी ही एकच ठेवीदार. शंभर फ्लॅट असोत की दहा, त्या बँकेत तिला ५ लाखच. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं साठवलेले ६०-७० लाख एकाच बँकेत ठेवलेल्या कित्येक सोसायट्या आहेत, कारण शाखा गेटसमोर आहे आणि मॅनेजर ओळखीचा आहे.

निधी कुठे गुंतवायचा हे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७० मध्ये दिलं आहे आणि ती यादी सहकारी बँकांकडे झुकलेली आहे. त्यामुळे समितीला हवं तिथे पैसे हलवता येत नाहीत. पण निधी दोन-चार पात्र बँकांत विभागणं आणि कायद्याने मान्य असलेले सरकारी रोखे घेणं शक्य आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगाच्या कोटेशनवर तास घालवण्याआधी हा विषय घ्या. कोणत्या बँकेत किती रक्कम आहे, त्याचा तक्ता सूचना फलकावर लावायला सांगा. सभासदाचा तो हक्क आहे.

बँकेची तब्येत आधी कशी ओळखायची?

पूर्ण खात्रीने ओळखता येत नाही. पीएमसीचे ताळेबंदच खोटे होते. पण बऱ्याच बँका हळूहळू आजारी पडतात आणि त्यांची लक्षणं वार्षिक अहवालात दिसतात. दोन आकडे बघा. पहिला सीआरएआर, म्हणजे जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल. लहान नागरी बँकांना तो किमान ९ टक्के आणि १०० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या बहुतेक बँकांना १२ टक्के हवा. दुसरा निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता थकलेल्या कर्जांचं प्रमाण. तो ६ टक्क्यांच्या पुढे गेला की रिझर्व्ह बँकेची सुधारणेची कारवाई सुरू होऊ शकते. या वर्षीचा आकडा मागच्या दोन वर्षांशी ताडून पाहा.

अहवाल सभासदांना मिळतो, शाखेतही मागता येतो. तो उशिरा येत असेल, लाभांश अचानक थांबला असेल, लेखापरीक्षकाने शेरे मारले असतील किंवा रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा दंड केला असेल, तर मुदत संपलेली ठेव नव्याने ठेवू नका.

इथे एक टक्का जास्त व्याज मिळतं. ते सोडून द्यायचं?

५ लाखांच्या मर्यादेत असाल तर सोडायचं कारण नाही, फक्त काही महिने पैसे अडकले तरी अडचण होणार नाही एवढं पाहा. मर्यादेबाहेर हिशेब वेगळा होतो. १० लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला १० हजार, त्यातून कर वजा. त्यासाठी विम्याबाहेरचे ५ लाख पणाला लावणं मला योग्य वाटत नाही.

मोठ्या खासगी बँकेत हा प्रश्नच नाही ना?

विम्याची मर्यादा तिथेही ५ लाखच आहे. फरक पडतो तो सरकार आणि रिझर्व्ह बँक किती वेगाने धावून येतात त्यात. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर ५० हजारांची मर्यादा आली आणि स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल उभं राहून १८ मार्चला ती उठलीही. ठेवी पूर्ण सुरक्षित राहिल्या. पण त्याच बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (ठेवीपेक्षा जास्त जोखमीचे, बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे रोखे) शून्य करण्यात आले. चांगल्या व्याजाच्या आशेने ते घेतलेल्यांमध्ये सामान्य गुंतवणूकदारही होते. तो वाद पुढे न्यायालयात गेला. बँकेच्या काउंटरवर विकलं जाणारं प्रत्येक उत्पादन ठेव नसते. बाँड, म्युच्युअल फंड, विमा योजना यांना ठेव विमा लागू नाही. कंपन्यांच्या एफडीलाही नाही. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या ठेवीदारांना त्यामुळेच पैशाचा मोठा हिस्सा सोडावा लागला.

मग पाच लाखांच्या वरची रक्कम कुठे ठेवावी?

ज्येष्ठांसाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना, ३० लाखांपर्यंत. त्यामागे थेट केंद्र सरकार आहे आणि व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट सुविधेतून सरकारी रोखे घेता येतात. बाकीची रक्कम दोन-तीन बँकांत विभागा. टीडीएस प्रत्येक बँक स्वतंत्रपणे बघते, पण कर तुमच्या एकूण व्याजावर लागतो, हे विवरणपत्र भरताना लक्षात असू द्या.

मर्यादा पाच लाखच का? वाढणार का?

१९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून १,५०० रुपयांचा विमा सुरू झाला. १९९३ मध्ये मर्यादा १ लाख झाली आणि तिथेच २७ वर्षं गोठली. पीएमसीचा आक्रोश झाला तेव्हा, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ती ५ लाखांवर गेली. न्यू इंडियानंतर वाढीची चर्चा पुन्हा सुरू झाली.

देशातली सुमारे ९८ टक्के खाती आज पूर्ण विम्यात येतात, असं सांगितलं जातं आणि ते खरं आहे. रकमेने पाहिलं तर मात्र निम्म्याहून कमी ठेवींना संरक्षण आहे. उरलेल्या दोन टक्के खात्यांत फक्त श्रीमंत नाहीत. तिथे निवृत्त शिक्षक आहेत, घर विकून दुसरं घ्यायच्या आधी पैसे ठेवलेली कुटुंबं आहेत, सोसायट्या आहेत. मर्यादा महागाईशी जोडून दर काही वर्षांनी आपोआप वाढावी आणि निवृत्तीच्या किंवा घरविक्रीच्या पैशांना काही महिन्यांपुरतं जास्त संरक्षण मिळावं, असं मला ठामपणे वाटतं. बँक बुडाल्यावर मर्यादा वाढवली तर ती त्या आधी बुडालेल्यांच्या उपयोगी पडत नाही.

आई-वडिलांच्या ठेवी वेगवेगळ्या बँकांत विखुरल्या आहेत. सुरुवात कुठून करू?

त्यांच्यासोबत बसून एक कागद करा. बँकेचं नाव, ठेव कोणाच्या नावावर आणि नावांचा क्रम काय, मुद्दल, मुदत संपण्याची तारीख, मुदतीअखेरची रक्कम, नॉमिनी. मग प्रत्येक बँकेत प्रत्येक हक्काखाली बेरीज करा. ५ लाखांच्या वर जाते तिथे खूण करा. ठेव लगेच मोडायची गरज नसते, मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जातं. मुदत संपेल तेव्हा वळवा, आणि पावतीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर ती आधी रद्द करून घ्या. सहकारी बँकेशी चाळीस वर्षांचा घरोबा असेल तर वडील कदाचित ऐकणार नाहीत. त्यांना खातं बंद करायला सांगू नका. तिथे ५ लाखांच्या आतली ठेव राहू द्या, फक्त त्यावरची रक्कम हलवा.